आधी आवाज, मग चित्र

मांडूच्या माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला अर्ध्या झोपेतून उठवा, ते रूपमतीची गोष्ट सांगेल. माळव्याचा सुलतान बाजबहादूर शिकारीला निघाला, वाटेत गाणं कानावर आलं, तिने अट घातली की रोज नर्मदेचं दर्शन घडलं पाहिजे, मग कड्यावरचा मंडप, मग १५६१ साली चालून आलेला अकबराचा सरदार आधमखान आणि शेवटी विषाचा प्याला. गोष्ट सुरू होते गाईडच्या 'तो देखिए साहब'पासून. गाईड जिथे श्वास घेतो तिथे मूल श्वास घेतं, गाईड जिथे हात उंचावतो तिथे त्याचाही हात वर जातो. सातवीच्या वर्गाला मी पहिल्यांदा म्हटलं, 'आपण मोबाइलवर गोष्ट बनवू या, प्रत्येकाने आपापली सांगायची,' तेव्हा बहुतेकांनी हीच सांगितली. आपली गोष्ट म्हणजे साहेबांना सांगायची गोष्ट, असं त्यांना मनापासून वाटत होतं. दोष त्यांचा नव्हता. मीही तोवर त्यांना तेच शिकवत आले होते.

मी धारची. मराठा सरदार पवारांच्या मागोमाग माळव्यात येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. धार ते मांडू पस्तीसेक किलोमीटर, रोज बसने जाते-येते. सामाजिक विज्ञान हा माझा विषय, त्यामुळे मांडू मला पाठ. होशंगशाहाने राजधानी धारहून या पठारावर आणली. त्याच्या संगमरवरी मकबऱ्यावर १६५९चा लेख आहे, शाहजहानच्या पदरचे चार वास्तुकार त्याला मानवंदना द्यायला आले होते त्याचा. त्यांतला एक उस्ताद हमीद. मुंज आणि कापूर या दोन तलावांच्या मधोमध जहाज महाल. १६१७चा पावसाळा जहांगीराने इथे काढला आणि इथल्या पावसाची आठवण आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. हे सगळं मी दरवर्षी फळ्यावर उतरवत असे आणि मुलं वहीत. २०२०मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा व्हॉट्सॲपवर धड्यांचे व्हिडिओ येऊ लागले. ते मी पालकांच्या ग्रुपवर पुढे पाठवायची. ज्या घरात फोन होता तिथे ते पोचत. पण सगळं वरून खाली. खालून वर काही येण्याची सोय त्यात नव्हती, आणि ती असायला हवी हे तेव्हा माझ्याही मनात आलं नव्हतं.

पुढे एका प्रशिक्षणात 'डिजिटल स्टोरीटेलिंग' हा शब्द कानावर पडला. दोन दिवस आम्ही बटणं शिकलो. फोटो कुठून घ्यायचे, अक्षरं कशी सरकवायची, मागे संगीत कसं लावायचं. परत येऊन मी मांडूवर तीन मिनिटांची फिल्म केली. फोटो माझे, मजकूर माझा, खाली बासरी. मला ती छान वाटली होती. वर्गातल्या टीव्हीवर लावली, मुलं शांत बसून पाहत होती. दाई का महालाचा फोटो आला आणि एकदम गलका झाला. 'मॅडमजी, वो बकरी!' कोपऱ्यातल्या पडक्या भिंतीवर एक शेळी उभी होती. मी ती कधी पाहिलीच नव्हती. फोटो मी काढला, फिल्म मी केली, पन्नास वेळा मागेपुढे करून पाहिली, आणि शेळी मला दिसली नव्हती. ती मागच्या बाकावरच्या एका मुलीच्या घरची होती. वर्षभरात माझ्या तासाला ती मुलगी 'उपस्थित' या शब्दापलीकडे काही बोललेली मला आठवत नाही. त्या दिवशी ती उभी राहून बोलली. पावसाच्या दिवसांत शेळी घरी आली नाही. ही आणि हिचा भाऊ शोधत निघाले. महालाच्या वरच्या मजल्यावर, कोरड्या कोपऱ्यात, ती व्यालेली. दोन करडं. चौकीदारकाकांनी बॅटरी धरली, आणि करडं खाली आणली शाळेच्या दप्तरातून. 'किताबें भाई ने पकड़ी,' ती म्हणाली.

त्या महालाच्या कमानी, घुमट, काळ सगळं मी शिकवलं होतं. पावसात त्याचा कुठला कोपरा कोरडा राहतो, ते तिला ठाऊक होतं.

त्यानंतर मी हे शास्त्र नीट समजून घ्यायला बसले. १९९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत डेना ॲचली नावाचा एक कलावंत मंचावर शेकोटीचं दृश्य मांडून, आपल्या आयुष्यातली चित्रं पडद्यावर दाखवत गोष्टी सांगायचा. त्याच्यासोबत जो लॅम्बर्ट या रंगकर्मीने सामान्य माणसांसाठी कार्यशाळा सुरू केल्या. तीन दिवस, गोल बसायचं, प्रत्येकाने आपल्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची, मग अडीचशे-तीनशे शब्दांत ती लिहायची, स्वतःच्या आवाजात वाचायची आणि मोजकी चित्रं जोडून दोन-तीन मिनिटांची फिल्म करायची. २००१मध्ये बीबीसीने वेल्समध्ये हेच खेडोपाडी नेलं. लॅम्बर्टने चांगल्या गोष्टीची सात अंगं सांगितली आहेत. संगीत, वेग, काटकसर ही त्यांतली काही. ती हळूहळू जमतात. एक अंग मात्र बाकी सगळ्यांहून जड आहे: सांगणाऱ्याचा स्वतःचा आवाज. आमच्या प्रशिक्षणात हे शेवटच्या अर्ध्या तासात, जाता जाता सांगितलं गेलं होतं. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती.

कारण चित्र आधी ठेवलं की मूल चित्राचं वर्णन करतं. 'यह जहाज महल है. यह बहुत सुंदर है.' आवाज आधी घेतला की चित्रं कमी पडतात, ती शोधायला बाहेर पडावं लागतं. सगळा फरक या क्रमात आहे, आणि तो मला कुणी समजावून पटला नाही. तो पटला आजीमुळे.

मुलांकडून गोष्ट मागायची तर आधी स्वतःची करावी, असं ठरवून मी आजीची गोष्ट करायला घेतली. धारचा किल्ला आमच्या गच्चीवरून दिसतो. दर उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या पडल्या की आजी तिकडे बोट दाखवून सांगायची: तिथे १७७५ साली आनंदीबाईंच्या पोटी दुसरा बाजीराव जन्मला. राघोबादादा तिकडे वणवण फिरतायत आणि ही इकडे परक्या किल्ल्यात बाळंतीण. आजीला राजकारणात रस नव्हता. तिला काळजी त्या बाळंतिणीची: तिला डिंकाचे लाडू कुणी केले असतील, थंडीत शेगडी कुणी ठेवली असेल. बखरीत नसलेलं हे सगळं ती इतक्या खात्रीने विचारायची की आनंदीबाई आमच्या नात्यातली वाटायची. मी ट्रंक उघडली. आजीचे सतरा फोटो निघाले. स्टुडिओतला नऊवारीतला, मुंजीच्या वयाच्या माझ्या काकाला मांडीवर घेतलेला, संजाची चित्रं काढलेल्या भिंतीपाशी उभी असलेली. आवाज एकही नाही. घरात टेपरेकॉर्डर होता. त्यावर आम्ही गाणी ऐकली, नाट्यपदं भरून घेतली, बाबांच्या निरोपसमारंभाची भाषणंसुद्धा. आजी रोज बोलत होती, म्हणून तिचं बोलणं भरून ठेवावं असं कुणाला वाटलं नाही.

शेवटी मीच वाचलं. ऐकायला बसले तेव्हा पहिल्या वाक्यालाच थांबले. मटारला मी 'बटले' म्हटलं होतं, कणसाला 'भुट्टा', आणि वाक्याच्या शेवटी सूर तसाच उचलला होता जसा आजी उचलायची. लहानपणी पुण्याच्या नातेवाइकांकडे गेलं की हे शब्द मी तोंडातल्या तोंडात बदलून घ्यायची. कुणी रागावत नसे, फक्त हसून दुरुस्त करत. ते हसू मी इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं. त्या दिवशी वाटलं, बरं झालं, बटले पूर्ण गेले नाहीत.

आजीच्या त्या फिल्ममध्ये संजाचा फोटो आहे. पितृपक्षात माळव्यातल्या मुली संध्याकाळी भिंतीवर शेणाने आकृती काढतात, वर फुलं चिकटवतात, गाणी म्हणतात. पंचमीला पाच कुमार, सप्तमीला सातिया, आणि शेवटी सगळ्यांना पोटात घेणारा मोठा किलाकोट. रोज एक चित्र, रोज त्याचं गाणं. अमावस्येनंतर खरवडून पाण्यात. आमच्या आळीत मराठी मुली आधी संजा खेळायच्या आणि नवरात्रात भोंडला. आजीला दोन्हीची गाणी यायची आणि ती एकमेकांत मिसळून जायची. संजाची रीत आठवली तेव्हा क्रमाचं कोडं आणखी सुटलं. तिथेही गाणं ठरलेलं असतं, मुली त्याच्यासाठी फुलं शोधत गल्लीभर फिरतात.

वर्गात आम्ही सुरुवात आवाजापासून केली. रेकॉर्डिंग कुठे करायचं हा पहिलाच प्रश्न. मुलं म्हणाली, रूपमती मंडपात. तो मुळात टेहळणीचा बुरूज, पठाराच्या अगदी धारेवर, खाली निमाडचं मैदान. फोनमध्ये फक्त वारा आला. मग ईको पॉइंटला गेलो. तिथून हाक मारली की दाई का महालाकडून ती परत येते. रेकॉर्डिंगला ती जागा निरुपयोगी, पण तिथे एक काम झालं. ज्यांचा आवाज वर्गात दोन बाकांपलीकडे जात नाही अशी मुलं तिथे छातीभर ओरडली आणि आपलाच आवाज परत येताना कान देऊन उभी राहिली. शेवटी स्टुडिओ झाला तो शाळेच्या धान्य ठेवायच्या खोलीत. घरून मी आजीच्या हातच्या दोन गोधड्या नेल्या, दोरीवर टाकल्या. सगळा घुमारा त्यांनी पिऊन टाकला. आत एक मूल, एक फोन आणि मी. फोन विमान-मोडवर. खोलीला डाळ-तांदळाचा वास. जुन्या सुती लुगड्यांच्या गोधडीहून चांगली सोय मला अजून माहीत नाही. ज्या शिक्षकांना हे करायचं आहे त्यांनी हीच वापरावी.

आणि तिथे, गोधडीआड, खरी अडचण समोर आली. लाल ठिपका लागला की मुलांची भाषा बदलायची. अंगणात जे मूल आपल्या बोलीत, निमाडी-भिलालीत, हात नाचवत सांगत होतं ते ठिपका दिसताच पुस्तकी हिंदीत ताठ व्हायचं. 'मेरी दादी एक परिश्रमी महिला हैं.' मी ओळखलं. पुण्याच्या स्वयंपाकघरात मटार म्हणणारी मुलगी मला तिथे दिसली.

रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव मराठी वाचकांना ठाऊक आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत असताना २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळालेले आणि त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून देणारे. त्यांचं नाव निघालं की सगळे पाठ्यपुस्तकांवरच्या क्यूआर कोडबद्दल बोलतात. मला त्याआधीची पायरी महत्त्वाची वाटते. त्यांच्या वर्गातल्या मुलांच्या घरी कन्नड होती, म्हणून ते कन्नड शिकले. कोड नंतर आला. मी वीस वर्षं या पठारावर शिकवतेय आणि मुलांची बोली मला कळते, पण बोलायचा प्रयत्न मी कधी केला नव्हता. आता केला. ठिपका लागल्यावर पहिलं वाक्य मी माझ्या मोडक्यातोडक्या बोलीत म्हणायची, मुलं ते दुरुस्त करायची, आणि दुरुस्त करता करता स्वतःच सांगू लागायची. 'परिश्रमी महिला' म्हणणाऱ्या मुलाची दादी जहाज महालाच्या रस्त्यावर खुरासानी इमली विकते. आपण जिला गोरखचिंच म्हणतो ती, त्या फुगलेल्या बुंध्याच्या झाडांची. बोलीत आला तेव्हा तो म्हणाला की दादी फळ वाजवून बघते, आतून बोललं तरच टोपलीत टाकते. त्या फळाचा वाजवलेला आवाज हेच मग त्याच्या गोष्टीचं संगीत झालं. माझी बासरी लागली नाही.

गप्प बसणं सगळ्यात कठीण गेलं. मूल अडखळलं की शिक्षकाच्या जिभेवर पुढचा शब्द तयार असतो. अशा वेळी मी देवासचा विचार करते. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने खंगून देवासला आले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. पुढची पाच-सहा वर्षं तो गाणारा माणूस खाटेवर पडून ऐकत राहिला: रस्त्याने जाणाऱ्या बाया, भिक्षेकरी, लग्नघरं, संजाच्या मुली. त्या माळवी धुनांतून पुढे त्यांचे धुनउगम राग आले, आणि १९६५मध्ये त्यांचा 'अनुपरागविलास' हा ग्रंथ. बेळगावकडचं कन्नड घर, महाराष्ट्रात झालेलं शिक्षण, आणि माळव्याची गाणी. गाता येत नव्हतं त्या काळात ती त्यांच्या कानात उतरली. सक्तीच्या मौनाचं असं फळ फार थोड्यांच्या वाट्याला येतं. मला सक्ती नव्हती. मी तोंडात लवंग धरायला लागले.

एकदा मुलांना 'निमतनामा' दाखवला. पंधराव्या शतकाच्या शेवटी गियासशाह या मांडूच्या सुलतानासाठी सुरू झालेलं आणि त्याचा मुलगा नासिरशाह याच्या काळात पुरं झालेलं पाककृतींचं सचित्र पुस्तक. आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पन्नास चित्रं. टीव्हीवर एकेक आलं. मिशाळ सुलतान बसला आहे, समोर बाया काहीतरी रांधतायत, वाटतायत, वास घेतायत. समोशाचं पान आलं तेव्हा वर्गाला परमानंद झाला: पाचशे वर्षांपूर्वी, आपल्या मांडूत, समोसा! मग एका मुलीने विचारलं, यात पानिये आहेत का? मक्याच्या पिठाचा गोळा पळसाच्या पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजतात ते पानिये, डाळीबरोबर खातात. मला ते त्या पुस्तकात कुठे दिसले नव्हते. ती म्हणाली, 'तो हम लिखेंगे.' तिच्या आईचा आवाज तिने स्वतः घरी जाऊन, चुलीपाशी बसून भरला. आई पाककृती सांगत नाही. पीठ मळत कुणावर तरी खेकसते, धाकट्याला चुलीपासून दूर कर म्हणते, पान उलटं पडलं म्हणून मुलीला रागावते, आणि या सगळ्यातून पानिये कसे करायचे ते कळत जातं. मुलगी ते रागावणं कापायला निघाली होती. मी हात धरला. संपादनाचा माझा पहिला मोठा निर्णय कापायचा नव्हता, ठेवायचा होता.

हे सगळं आपल्याकडे होतंच, असं कुणी म्हणतं तेव्हा मला ते पूर्ण पटत नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून वीणा-हुडुकाच्या साथीने कथा सांगतात. चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथीच म्हणतात. नातं उघड आहे. पण चित्रकथी रामाची कथा सांगतो, गावाला आधीच ठाऊक असलेली. माझा विद्यार्थी सांगतो ती शेजारच्या बाकालाही माहीत नसते. आणि चित्रकथीला समोर असावं लागतं. आमच्या मुलांना समोर असणं दरवर्षी जमत नाही.

दिवाळी झाली की पठारावरची कितीतरी घरं कुलूप लावून गुजरातला जातात, मजुरीला. हजेरीपटावर त्या मुलांसमोर एका रेषेत गैरहजेरी पडत जाते, होळीआधीच्या भगोरियापर्यंत. गेल्या वर्षी त्यांतल्या एकाने जायच्या आधी गोष्ट भरली. त्याच्या आदल्या सालच्या निघण्याची. रात्रीची गाडी, सामानात तवा आणि कोंबडी, आणि मागून धावणारा त्याचा कुत्रा. आलमगीर दरवाजापर्यंत तो धावत आला, मग अंधारात दिसेनासा झाला. तिथेच गोष्ट थांबते. तो परत फिरला की तिथेच बसून राहिला, ते त्याला माहीत नव्हतं. इतरांना कधी विचारावं असंही त्याला सुचलं नसावं. चित्रं चार: तवा, दार, दरवाजा आणि एक पूर्ण काळं.

तो गेल्यावर मी ती वर्गात लावली. रिकाम्या जागेवरून त्याचा आवाज आला तेव्हा मुलं आधी हसली, मग थांबली. आणि मग उत्तर द्यायला लागली. कुत्रा त्याच रात्री परत आला होता. शाळेच्या ओसरीवर झोपायचा. मधल्या जेवणाच्या बाई त्याला खरवड घालायच्या. पोरं पाळीपाळीने घरी न्यायची, पण रात्री तो ओसरीवरच यायचा. तीन मुलींनी आणि एका मुलाने मिळून हे भरलं, गोधडीआड दाटीवाटीने बसून, एकमेकांचं वाक्य तोडत. मी काही सुचवलं नाही. काळ्या चित्राच्या जागी त्यांनी ओसरीचा फोटो लावला.

या गोष्टी मी इंटरनेटवर टाकत नाही. त्या मुलांच्या आहेत, त्यांच्या घरांच्या आहेत. पालकसभेत लावते, आणि ज्याची त्याला देते. भगोरियाला तो मुलगा आला तेव्हा ती उत्तराची गोष्ट आधी त्याला एकट्याला ऐकवली. त्याने दोनदा ऐकली. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेच्या फाटकाशी उभे होते, आत यायला कचरत. त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, 'मॅडमजी, दोनों डाल दो.' फोनमध्ये जागा नव्हती. आम्ही दोघांनी मिळून कुणाच्या तरी लग्नाचे बरेच फोटो काढून टाकले.

होळीनंतर ते पुन्हा गुजरातला, मोरबीला गेले. दोन्ही गोष्टी त्यांच्याबरोबर आहेत. कुत्रा ओसरीवर आहे.